देवाच्या मेंढ्याचा कान

मी वाईट डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. हेब्बाळच्या जनावरांच्या दवाखान्यात मला अकरा वर्षं झाली होती आणि आजूबाजूच्या कुठल्याही मेंढपाळाला विचारा, पद्माक्काच्या हातात जनावर तडफडत नाही असंच सांगेल. स्वभाव मात्र माझा तिखट. चामराजपेटेत घरी थोरला भाऊ गुंडोअण्णा मला मिरची म्हणतो आणि त्याच्या पाठीमागे वैनी तोंडाला पदर लावून हसते. हसू दे. तिखट माणसाला खोटं बोलता येत नाही, अशी माझी स्वतःबद्दल मोठी समजूत होती. १९९६ च्या मार्गशीर्षात ती पार मोडली.

सकाळी दवाखाना उघडतेय तोच गोजराबाई ऑटोतून उतरली. मेंढपाळीण ऑटो करून येते म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे ओळखायला डॉक्टर व्हायला लागत नाही. साठीची बाई, हडकुळी, आवाज मात्र तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. जातीची धनगर. तिचे कोण पूर्वज कुठल्या फौजेमागून इकडे कानडी मुलखात आले ते तिलाही ठाऊक नाही. मराठी बोलते, पण चार शब्दांत दोन कानडी. माझंही तसंच. म्हणून आमचं जमलं. तळ्यामागच्या रानात तिचं पत्र्याचं घर, सव्वीस मेंढ्या आणि एक मेंढा. नवरा गेला त्यालाही बारा वर्षं झालेली. मुलगा मल्हार पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत कामाला. त्या मेंढ्यांवरच तिनं त्याला वाढवलं, शिकवलं.

तिच्या बुट्टीत तीन पिलं होती, दोन दिवसांची.

"डोळेच उघडत नाहीत गं पद्माक्का," ती म्हणाली. "नुसतं पाणी गळतंय. बघ की स्वल्प."

मी एकाचं तोंड उजेडाकडे केलं. खालची पापणी आत वळलेली. कड दिसतच नव्हती, तिचे केस सरळ बुबुळावर घासत होते. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याच्या बुबुळावर निळसर धुकं धरायला लागलं होतं. दोन-तीन दिवस तसंच राहिलं असतं तर तिथे जखम, आणि मग डोळा गेलाच. हा आजार साधा आहे. वेळेवर बघितला तर पाच मिनिटांचं काम. नुकतं जन्मलेलं पिलू असेल तर अंगठ्यानं पापणी खाली ओढून बाहेर वळवायची, दिवसातून चार-पाचदा, आणि मलम. तेवढ्यानं राहिली नाही तर पापणीखालच्या कातडीत पेनिसिलीनची बारीकशी सुई. तिथे फुगवटा येतो, फुगवट्यानं पापणी बाहेर धरली जाते, आणि तो उतरेपर्यंत ती आपली जागा शिकते.

हे सगळं मी झोपेतही करीन. पण हा आजार येतो कुठून, तेही मला झोपेतही सांगता येतं. बापाकडून येतो. कधी आईकडून. रक्तातून येतो.

"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.

"चौदा व्याल्या आजपर्यंत. नऊ पिलांचं असंच आहे."

चौदातली नऊ, वेगवेगळ्या आयांची.

"मेंढा कोण यंदा?" मी विचारलं, उगाचच, कारण मला माहीत होतं.

"कोण म्हणजे? आपला भंडाऱ्या!" गोजराबाई अभिमानानं म्हणाली. "पहिलंच वर्ष त्याचं."

भंडाऱ्याचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी असंच एक पिलू तिनं पदराखालून आणलं होतं. कुठून तरी आणलेल्या लोकरवाल्या परदेशी जातीच्या मेंढ्याचं पिलू. पापण्या दोन्ही डोळ्यांच्या आत. मी सुई दिली, चार दिवसांत डोळे लख्ख. आता, माझा स्वतःचा एक नियम होता. असा नर बरा केला की त्याच्या डाव्या कानाचं टोक कापायचं. म्हणजे पुढे कुणी त्याला कळपात सोडणार नाही. बरा केलेला डोळा बघून कुणाला काही कळत नाही, हीच तर अडचण आहे. आपण डोळा बरा करतो, रक्त नाही. कापलेला कान बघितला की आसपासचे सगळे मेंढपाळ ओळखायचे, हा फक्त खाटकाला द्यायचा; का, ते कुणी विचारत नसे. हा नियम मी केला आणि दहाजणांशी भांडून पाळायला लावला.

त्या दिवशी मी कात्री घेतली आणि गोजराबाईनं माझे पाय धरले. खरंच धरले. मल्हारला कावीळ झाली होती तेव्हा तिनं मैलाराला नवस बोलला होता, पहिला नर तुझा म्हणून. देवाला सोडायचं जनावर अंगानं धड हवं. कान फाटका चालत नाही.

"मैलाराचा आहे गं," ती म्हणत होती. "त्याला लोखंड लावू नकोस."

तिचा मैलार म्हणजे आमचा खंडोबा. आमच्या घराण्याचं कुलदैवत. देव्हाऱ्यात त्याचा टाक आहे, चंपाषष्ठीला तळी उचलल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास तोंडात घालत नाही. मी लहानपणापासून तो भंडारा कपाळाला लावत आलेली. आणि माझा हात आखडला. दुसऱ्या कुठल्या देवाचं नाव घेतलं असतं ना, तर सरळ कापला असता मी. खोटं कशाला बोलू? तिला चार शब्द ऐकवले असते आणि कापला असता. पण खंडोबाच्या मेंढ्याचा कान कापायचा, आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याच्याच पुढे हात जोडायचे, हे मला जमेना. एम.व्ही.एस्सी. झालेली बाई मी! कात्री खाली ठेवली. दवाखान्याच्या वहीत मात्र लिहिलं: कान कापला. मेंढ्याला कळपात सोडू नका असं तिला म्हणाले का? म्हणाले असेन. जाता जाता, पाठमोरी. का ते सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कापावाच लागला असता. कान शाबूत राहिला म्हणजे मेंढा चालतो, असं ती समजून बसली.

तर हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, आणि गोजराबाई समोर बसून पदरानं पिलाचे डोळे पुसत होती.

"हा रिंग रोड आला ना," ती म्हणाली, "दिवसभर लॉऱ्या. धूळ बघ किती! मल्हार म्हणतो धुळीनंच होतंय. धुळीनं होतं का गं असं?"

मी सुई भरत होते. मान वर केली नाही.

"हो," मी म्हणाले. "धुळीनं होतं."

एवढंच. चार अक्षरं सुद्धा नीट मोजून टाकली नाहीत, अशी तोंडातून निघून गेली. आणि निघाल्यावर काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. लाज वाटायला दुपार उजाडावी लागली.

त्यानंतर रोज सकाळी लूना काढून तिच्याकडे जायचे. कुणी बोलावलं नव्हतं, फी घेत नव्हते. नऊ पिलं, अठरा डोळे. पिलू मांडीत आडवं घ्यायचं, पापणी वळवायची, मलम घालायचं, खाली सोडायचं, पुढचं घ्यायचं. समोर भंडाऱ्या उभा असायचा. कपाळाला हळद, गळ्यात घुंगरू, दोन्ही कान कसे ताठ आणि अख्खे! त्याच्याकडे बघितलं की मला कुणीतरी ठोसा मारल्यासारखं व्हायचं. त्याचा काय दोष? मुकं जनावर. पण मी एकदा त्याला "हो तिकडे!" म्हणून असं खेकसले की गोजराबाई चमकून बघायला लागली.

"त्याच्यावर का चिडतेस?"

"मध्ये मध्ये येतो."

"येऊ दे की. त्याचीच पिलं आहेत."

चौथ्या दिवशी सात पिलं टकाटक बघायला लागली होती. उरलेल्या दोघांच्या पापण्या अजून सुजलेल्या, पण तीही बरी होणार होती; आता नुसतं मलम, आणि ते तिला घालता येत होतं. मी खूश व्हायला हवं होतं. गोजराबाई मात्र पिलांकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती. तिकडे जेसीबी चालला होता आणि लाल माती उडत होती. पत्र्यावर, बाभळीवर, मेंढ्यांच्या पाठीवर सगळीकडे तोच रंग चढलेला.

"पद्माक्का, पुढल्या वर्षीही होणार का असंच?"

आता बोल, मी मनात म्हटलं. आता बोल, गाढवे! पुढल्या वर्षी मेंढा बदला म्हणजे एकाही पिलाला होणार नाही, एवढंच वाक्य आहे. पण त्याच्यामागून दुसरं येणार होतं, की तुला हे आधी माहीत होतं का? आणि त्याच्यामागून तिसरं, वहीत काय लिहिलंस?

"रोड होईपर्यंत धूळ राहणारच," मी म्हणाले.

"तीन वर्षं चालणार म्हणतात."

"असेल."

तिनं रस्त्यावरची नजर काढून कळपाकडे वळवली. मग म्हणाली, "मल्हार कधीपासून मागे लागलाय. देऊन टाक सगळ्या, पीण्याला ये म्हणतो. एक व्यापारी बघून ठेवलाय त्यानं. मी म्हणायची, मेल्यावर ने मला." तिनं एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. "पण दरवर्षी आंधळी पिलं बघायची म्हणजे... तू नसलीस एखाद्या दिवशी, तर?"

"घाई करू नका," एवढंच कसंबसं बोलले.

"घाई नाही. चंपाषष्ठीनंतर बघू म्हणालाय तो."

चंपाषष्ठीला पाच दिवस होते. पाच दिवस म्हणजे खूप झाले, असं मी लूना चालू करता करता ठरवलं.

ते पाच दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दवाखान्यात कात्री कुठे ठेवली ते आठवेना, आणि मी शिपायावर ओरडले. घरी वैनीनं आमटीत मीठ विचारलं तर मी म्हणाले, "मला काय विचारता, मला काही कळत नाही." तिनं पळी खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. उभी असले की बसावंसं वाटे, बसले की उठावंसं. दोनदा संध्याकाळी घरून पुन्हा तिच्याकडे जायला म्हणून निघाले. एकदा मल्लेश्वरमच्या सर्कलवरून परत फिरले, एकदा थेट तिच्या दारापर्यंत गेले. गोजराबाई म्हणाली, "अय्यो, आज पुन्हा? किती करतेस गं पोरी आमच्यासाठी," आणि माझ्या हातात ताकाचा पेला दिला. तो पेला हातात धरून मी काय सांगणार होते? ताक प्यायले आणि परत आले.

शेवटी गुंडोअण्णाला सांगितलं. तो देवघरात खंडोबाच्या नवरात्राची माळ बांधत होता. सगळं ऐकून घेतलं त्यानं. बँकेतला माणूस, कुणाचं म्हणणं मध्ये तोडत नाही.

"कान कापला नाहीस ते बरंच केलंस," तो म्हणाला. "देवाचं जनावर."

"अण्णा, मी ते विचारत नाहीये."

"मग काय विचारतेस? धूळ तर आहेच ना तिथे? अगदीच खोटं नाही झालं."

"अगदी खोटं आहे! धुळीनं डोळे लाल होतात, पापणी आत वळत नाही!"

"सरी, सरी, बरं बाई. ओरडू नकोस, देवासमोर आहेस." त्यानं माळेची गाठ मारली. "ती बाई पोराकडे जाईल, दोन घास सुखानं खाईल. या वयात मेंढ्यांमागे फिरायचं काय सुख आहे? होऊन गेलं ते होऊन गेलं. तू सांगितल्यानं कुणाचं काय भलं होणार आहे?"

खरं सांगते, ते मला गोड वाटलं. एक रात्र मी त्यावर झोपलेसुद्धा. पण सकाळी उठले ती त्याच्यावरच चिडून. कुणाचं भलं? बाईच्या सव्वीस मेंढ्या आहेत, सव्वीसही ठणठणीत, आणि ती त्या विकायला निघाली आहे माझ्या एका शब्दावर! ती मेंढ्यांमागे फिरते त्यात काय सुख आहे ते तिला विचारा. बँकेच्या खुर्चीवरून ते दिसत नाही. हे सगळं मी अण्णाला म्हणाले नाही, कारण तेही बोलायला मी मोकळी नव्हते. चंपाषष्ठी झाली की व्यापारी येणार. चंपाषष्ठीला सकाळी तळी उचलली की निघायचं आणि सांगायचं, असं मी ठरवलं. आदल्या दिवशी का नाही? आदल्या दिवशी पुरणाचं, भरिताचं, रोडग्याचं करायचं होतं म्हणून. कारणं काय, मिळतात.

चंपाषष्ठीच्या सकाळी ताम्हनात खोबरं, भंडारा, विड्याची पानं ठेवून आम्ही तळी उचलली. अण्णानं येळकोट म्हटलं. वैनीनं माझ्याकडे बघितलं, मी ताम्हन तसंच तिच्या हातात दिलं आणि चपला घातल्या.

"अगं, नैवेद्य व्हायचाय!" अण्णा ओरडला.

"तुम्ही घ्या जेवून."

हेब्बाळपर्यंत लूना अशी दामटली की मेखरी सर्कलला पोलिसानं शिटी मारली. काय काय बोलायचं ते मी वाटेत ठरवत होते. आधी मेंढ्याचं. मग कानाचं. मग धुळीचं. पाया पडेन. शिव्या दिल्या तर खाईन. मेंढा बदला, गोजराबाई, मेंढ्या राहू द्या. चांगला बन्नूरचा मेंढा मी स्वतः आणून देते.

तिच्या मेंढवाड्याचं काटेरी फाटक उघडं होतं. आत लेंड्या होत्या, पाण्याची डोणी होती. मेंढ्या नव्हत्या. चरायला गेल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण भंडाऱ्या खुंट्याला उभा होता, हळदीनं माखलेला, गळ्यात झेंडूचा हार. आणि घरातून पिलांचं ओरडणं येत होतं. भुकेलं पिलू कसं ओरडतं ते मला कळतं.

गोजराबाई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर एक पिलू, त्याच्या तोंडात दुधाची बाटली. ते चोखत नव्हतं, मान फिरवत होतं. आजूबाजूला आणखी आठ.

"मेंढ्या?" मी विचारलं.

"काल गेल्या. सणाच्या दिवशी नको म्हणून व्यापारी आधीच आला लॉरी घेऊन. धडधाकट पाच पिलं आयांबरोबर नेली. ही सुईवाली नको म्हणाला, डोळ्यांचा काही भरवसा नाही म्हणून." तिनं बाटली पुन्हा पिलाच्या तोंडात घातली. "मीही म्हटलं, ने बाबा. या धुळीत ठेवून काय करू?"

"कुठे नेल्या?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उत्तराची वाट बघितली नाही. सणासुदीला लॉरीभर मेंढ्या कुठे नेतात ते मी तिला विचारत होते!

मग मी सगळं सांगितलं. वाटेत ठरवलेलं काही आठवलं नाही. उभ्यानंच, वेडंवाकडं, मागचं पुढे आणि पुढचं मागे. हा आजार बापाकडून येतो. भंडाऱ्याला होता, तुम्हीच आणलं होतं त्याला. त्याचा कान कापायला हवा होता, मी नाही कापला. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. धुळीचा काही संबंध नाही. मी रडत होते आणि मला माझाच राग येत होता, कारण रडायचं असलंच तर तिनं रडायचं होतं.

ती पिलाच्या तोंडाशी बाटली धरून बसली होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "म्हणजे मेंढ्यांत काही नव्हतं?"

"नाही."

"या धुळीतही राहिल्या असत्या?"

"राहिल्या असत्या. फक्त मेंढा बदलायचा होता."

"मेंढा बदलायचा होता," ती म्हणाली. पाढा घोकावा तशी, सावकाश. तिनं मांडीवरचं पिलू खाली ठेवलं, दुसरं घेतलं. बराच वेळ त्याला पाजायचा प्रयत्न करत राहिली. मी पुढे होऊन बाटली धरायला हात केला तर तिनं खांदा मध्ये घातला.

"कानाचं मी पाय धरून मागितलं होतं," ती म्हणाली. "ते माझ्या डोक्यावर. त्याचं मी तुम्हाला काही म्हणणार नाही. धुळीचं मी मागितलं नव्हतं, डाक्टरम्मा. धुळीचं मी विचारलं होतं."

अकरा वर्षांत तिनं मला कधी डाक्टरम्मा म्हटलं नव्हतं. मी म्हणाले ते एवढंच, की या नऊ पिलांना मी जगवते, रोज येते, दूध आणते, जे लागेल ते करते.

"जगतील ती," ती म्हणाली. "मी आहे."

रस्त्यावर जेसीबी बंद होता, सणाची सुट्टी असावी. ती उठली, भंडाऱ्याच्या गळ्यातला हार सरळ केला आणि त्याच्यापुढे कडब्याची पेंढी टाकली. देवाचा मेंढा विकता येत नाही, म्हणून तेवढा एक राहिला होता. आणि कुणी आपल्या कळपासाठी मागितला तर त्याला नाही म्हणायचं नसतं, अशी त्यांच्यात रीत आहे.

"येलहंकेची माणसं यायची आहेत दुपारी, याला न्यायला," माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली. "साठ मेंढ्या आहेत त्यांच्या. त्यांना काय सांगणार तुम्ही?"

"खरं सांगणार."

"सांगा," गोजराबाई म्हणाली. "त्यांच्या मेंढ्या अजून आहेत."